रंग उतरवला तो पावसाळा

त्या पावसाळ्यात आमच्या घरातली सगळी चिंच माशांना लागली. खायच्या माशांना नव्हे, लाकडाच्या. डाळ आंबट व्हावी म्हणून अम्मी वाळवलेल्या कैरीच्या फोडी टाकायची. त्याही संपल्या तेव्हा नुसतीच डाळ वाढू लागली, आणि ताटावर बसून अब्बा म्हणायचे, "आजची डाळ फिकी झाली." चिंच कुठे गेली ते अब्बांना आमच्याइतकंच ठाऊक होतं, पण सवयीने ते तसं म्हणायचे आणि सवयीने अम्मी ऐकून घ्यायची. आमच्या घरात आम्ही जव्हारची आमची हिंदी बोलायचो, तिच्यात निम्मी मराठी. शाळा मात्र मराठी. पुढे जन्मभर मी मराठीच शिकवली, म्हणून इथे सगळ्यांना मराठीतच बोलायला लावते आहे. अब्बांना ते आवडलं नसतं. त्यांना स्वतःचं बोलणं फार आवडायचं.

अब्बा खरादी होते. पाळण्याचे लट्टू, लाटणी, खाटेचे पाय, मुलांचे भोवरे, असं सगळं त्यांच्या खरादीवर निघायचं. खराद ओटीवर होती. दोन खुंट्यांच्या मध्ये लाकूड अडकवायचं, त्याला दोरीचा वेढा द्यायचा, आणि समोर बसून कुणीतरी ती दोरी एकदा या हाताने, एकदा त्या हाताने ओढत राहायचं. लाकूड गरगर फिरायचं आणि अब्बा त्याला पटाशी लावायचे. दोरी ओढणारं ते कुणीतरी म्हणजे अम्मी. सकाळची भाकरी झाली की ती पदर खोचून खरादीसमोर बसायची, ती दुपारच्या अजानपर्यंत. माझ्या लहानपणचा आवाज कुठला असं कुणी विचारलं तर मला तो खर्र-खर्र आवाजच आठवतो. त्याला लय होती, आणि ती लय अम्मीच्या दंडातून येत होती. लोक मात्र अब्बांचा हात वाखाणायचे. मीही शाळेतल्या मैत्रिणींना सांगायचे की माझे अब्बा लाकडाला लोण्यासारखं कापतात.

माशांचं काम घरात आलं ते मुंबईच्या एका साहेबांमुळे. ते मोठ्या नोकरीतून निवृत्त झालेले, गळ टाकून मासे धरण्याचा नाद असलेले. जीप घेऊन यायचे, धरणाच्या पाण्यावर दोन दिवस बसायचे आणि जाताना जव्हारच्या बाजारात फिरायचे. आम्ही त्यांना आपसात 'गळवाले साहेब' म्हणायचो. त्यांनी एकदा बाहेरच्या देशातला एक लाकडी मासा अब्बांपुढे ठेवला आणि विचारलं, असा होईल का? मरळ फसते म्हणे अशा माशाला. पोटात शिसं, तोंडाला पत्र्याची जीभ, अंगाखाली गळ. दोरा ओढला की पाण्यात तो जिवंत माशासारखा डुलत येतो. अब्बांनी पांगाऱ्याच्या लाकडाचा एक करून दिला. साहेबांनी तो धरणात टाकून पाहिला आणि परत येऊन अब्बांच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "उस्ताद, तुम्ही इथे लाटणी काय करत बसलात?"

त्या एका वाक्याने अब्बा बदलले, असं मला आता वाटतं. आयुष्यभर लोकांनी त्यांना 'ओ खरादी' अशी हाक मारली होती. उस्ताद कुणी म्हटलं नव्हतं. त्यानंतर लाटण्याला गिऱ्हाईक आलं की ते म्हणायचे, "बघू, वेळ झाला तर." घरभर मासे झाले. छपराच्या वाशांना, खिडकीच्या गजांना, आमची दप्तरं अडकवायच्या खिळ्यांनाही तारेला लटकलेले मासे. खवले रंगवायची एक युक्ती होती. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा माशावर ताणून धरायचा आणि डास मारायच्या फ्लिटच्या पंपाने वरून रंग मारायचा. जाळी उचलली की खाली खवले. जाळी ताणून धरायचं काम आपाचं. ती श्वास रोखून धरायची, जराही हलायची नाही. अब्बा म्हणायचे, नजमाच्या हाताला कंप नाही.

आपा म्हणजे माझी मोठी बहीण नजमा. बारावीला होती, शास्त्र शाखेला. आमच्या मोहल्ल्यात मुली तिथवर जात नव्हत्या. ती गेली त्याचं कारण शेजारच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या गावितबाई. त्या मूळच्या जामसरच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. ड्यूटीवरून आल्या की आमच्या ओटीवर चहा घ्यायच्या आणि आपाला दवाखान्यातल्या गोष्टी सांगायच्या. "पोरी, तुझा हात बग कसा थिर हाय," त्या म्हणायच्या. "सुई टोचताना असाच हात लागतो. तू नर्सिंगला जा. मी सांगते तुझ्या बापाला." आणि खरोखरच सांगितलं. अब्बांनी हसून मान डोलावली. ते कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायचे नाहीत. नाही न म्हणता, जे त्यांना नको असेल ते होऊ द्यायचे नाहीत, एवढंच.

आपाला चांगले मार्क पडले. गावितबाईंनी अर्ज भरून दिला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. आपाने फोटो काढून घेतला. त्या फोटोत ती सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे, दोन्ही डोळ्यांनी. तो फोटो माझ्याकडे आहे. मी तो सहसा बाहेर काढत नाही.

त्याच सुमारास मासे परत आले. आदल्या पावसाळ्यात घाईघाईने केलेली ती सगळी खेप होती. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. अम्मीने तेव्हा म्हटलंही होतं, "लाकूड ओलं लागतंय हाताला." दोरी ओढणाऱ्याला ते कळतं, ओलं लाकूड जड फिरतं. अब्बा म्हणाले होते, "साहेबांना घाई आहे." आता उन्हाळाभर वापरून त्या माशांचा रंग फुगला होता, फोड येऊन सुटला होता. साहेब रागावले नाहीत. पोतं ओटीवर ठेवून म्हणाले, "उस्ताद, रंग सगळा काढून नव्याने द्या. बाहेरदेशी माझे मित्र आहेत, त्यांना दाखवायला मी हे घेऊन जाणार आहे. तिकडे पसंत पडले तर तुमचं नाव होईल." अब्बांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

रंग काढणं हे रंग देण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं काम आहे, हे मला त्या वर्षी कळलं. फुगलेला रंग नखाने निघतो, पण जिथे तो धरून बसलेला असतो तिथे मात्र लाकूडच सोलावं लागतं. आम्ही काचेच्या तुकड्यांनी खरवडायचो, मग पॉलिश पेपरने घासायचो. बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली की वहीचं पान उलटेना. डोक्यात, भाकरीच्या पिठात, अंथरुणात रंगाचे कपचे. पावसाळी भाज्या आल्या होत्या, दारावर शेवळं विकायला बाया यायच्या, पण ती साफ करायला अम्मीला वेळ नव्हता. सुकट भाजली की त्या वासातही रंगाच्या टर्पिनचा वास मिसळायचा. इतकं करून दिवसाला थोडेच मासे व्हायचे. अब्बांनी मग फर्निचर पॉलिशवाल्याला विचारलं आणि कॉस्टिक सोड्याच्या पिशव्या घेऊन आले.

पहिल्याच दिवशी त्यांनी अम्मीच्या अल्युमिनियमच्या पातेल्यात ते कालवलं. पातेलं फसफसून काळं पडलं आणि बुडाला भोक पडलं. अम्मी त्या पातेल्यात ईदचा शीरखुर्मा करायची. मग लोखंडी घमेलं आणलं. गरम पाण्यात रंग लवकर सुटतो म्हणून ते चुलीवर ठेवलं, आणि बाहेर सारखा पाऊस असल्याने चूल म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली. मासे आत सोडले की जरा वेळाने उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा रंग निघायचा. आपा झाऱ्याने ते काढायची, मी मोरीवर काथ्याने घासायचे, आणि शेवटी चिंचेच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे लाकडात मुरलेलं कॉस्टिक मरतं. चिंच गेली ती अशी. हात बुळबुळीत व्हायचे, कितीही धुतले तरी साबण लावल्यासारखे वाटायचे. गावितबाई एकदा दारातून डोकावल्या आणि तिथेच थांबल्या.

"खरादीभाऊ, हे काय लावलंय? यो पदार्थ कातडी खातो. पोरींच्या डोल्यांना जपा."

"जपतोच आहे बाई. उकळत्या पाण्यात टाकायचं नाही, थंड पाण्यात टाकायचं, मग तापवायचं. मला माहीत आहे सगळं."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांना माहीत होतं. दुकानदाराने सांगितलं होतं, आणि त्यांनी आम्हालाही दोनदा बजावलं होतं.

बहुतेक मासे नव्याने रंगवून झाले होते. शेवटचा घाणा घमेल्यात होता. साहेब विमानाने निघणार होते, त्याच्या आदल्या दिवशी माल मुंबईला पोचवायचा होता, म्हणजे उद्या. दुपार टळली होती. पाऊस कौलांवर इतका वाजत होता की बोलणं ओरडून करावं लागत होतं. घमेल्यातलं पाणी रंग काढून काढून कमजोर झालं होतं. आपा झाऱ्याने मासे उलटेपालटे करत होती, आणि रंग काही सुटत नव्हता.

"पाणी मेलं हे," अब्बा म्हणाले आणि पिशवी उचलली.

"थांबा अब्बा, आधी खाली उतरवू दे," आपा म्हणाली. "गार होऊ दे."

"गार व्हायला संध्याकाळ होईल."

त्यांनी मूठभर खडे उकळत्या घमेल्यात टाकले. मी मोरीवर होते, पाठमोरी. मला तळणीत पाणी पडल्यासारखा आवाज ऐकू आला आणि मग झारा जमिनीवर पडल्याचा. आपा ओरडली नाही. ती दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरून उभी होती, चेहऱ्याला न लावता, जणू चेहरा कुणा दुसऱ्याचा होता. अम्मी ओटीवरून धावत आली. तिने काही विचारलं नाही. आपाचा दंड धरून तिला मागच्या दाराने ओढत नेलं आणि पागोळीखाली तिचं तोंड धरलं. छपरावरून पाण्याची धार पडत होती. अम्मीने तिचं डोकं मागे केलं, बोटांनी पापणी उघडून धरली आणि ती धार डोळ्यात घेतली. दोघी नखशिखांत भिजल्या. आपा तडफडत होती आणि अम्मी तिला सोडत नव्हती. अब्बा दारात उभे होते. "पुरे, पुरे," ते म्हणत होते. "आजारी पडेल पोर. आत आण तिला. गुलाबपाणी घालतो." ते टॉवेल घेऊन आले, आपाला जवळ घेतलं, आत आणलं. अम्मीचा हात तेव्हा सुटला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा पुन्हा धुतला, मलम भरून पट्टी बांधली आणि सांगितलं, इथे यापुढे काही होणार नाही, नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका. नाशिकची शेवटची एसटी गेली होती. घाटात दगड आले होते, जीपवाले यायला तयार होईनात. गावितबाई पावसात तीन जीपवाल्यांकडे जाऊन आल्या. दिवेलागणीला त्या आमच्या घरात आल्या, तेव्हा त्यांच्या साडीतून पाणी गळत होतं.

"सकालची पयली गाडी धरा," त्यांनी अब्बांना सांगितलं. "तुम्ही सोता जा संगं. मोठ्या दवाखान्यात बापई मानूस लागतो, धावपल असते. एक डोला ग्येलेला हाय असंच समजा, आन वाचला तं नशीब."

खोलीच्या एका कोपऱ्यात आपा भिंतीकडे तोंड करून निजली होती. ती जागी होती हे सगळ्यांना माहीत होतं.

"उद्या साहेब वाट बघणार," अब्बा म्हणाले. "परवा त्यांचं विमान आहे. मी सकाळी जातो, माल देतो, आणि लगेच परत. परवा नेऊ हिला. एका दिवसाने काय होतं?"

गावितबाई अम्मीकडे बघत राहिल्या. अम्मी आपाचे ओले केस पुसत होती. तिने वर न बघता म्हटलं, "तुम्ही जा. मी नेते."

अम्मी कधी मोखाड्याच्या पुढे एकटी गेली नव्हती. तिला पाट्या वाचता येत नव्हत्या. म्हणून मला बरोबर घेतलं. सकाळी जव्हारच्या एसटी स्टँडवर आम्ही चौघेही उभे होतो. अब्बांनी तयार झालेले मासे एका खोक्यात भरले होते, प्रत्येक मासा जुन्या मलमलीत गुंडाळलेला, खोक्याला वरून प्लास्टिकचा कागद. त्यांची ठाण्याची गाडी आधी लागली. कंडक्टर म्हणाला, खोकं टपावर टाका. अब्बांनी त्याची विनवणी केली, नाजूक माल आहे, मांडीवर घेतो. मग आम्हाला म्हणाले, "नाशिकला उतरलात की कुणालाही विचारा, मोठा दवाखाना सांगतील." आपाच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी सुटताना मी खिडकीत बघत होते. ते खोकं मांडीवर नीट बसवत होते. त्यांनी बाहेर पाहिलं नाही. गाडी बाजाराच्या बाजूने खाली गेली, आणि आम्ही उलट्या दिशेच्या गाडीची वाट बघत थांबलो. ती उशिरा आली.

त्या प्रवासातलं मला फारसं आठवत नाही. मोखाड्याला कुणीतरी आपाला बसायला खिडकीची जागा दिली. घाटात गाडी थांबली, लोक उतरून दगड बाजूला करायला गेले. आपाने एकदाच विचारलं, "शमा, मुलाखतीच्या आधी पट्टी निघेल का गं?" मी म्हटलं, निघेल.

नाशिकच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी दिव्याखाली डोळा बराच वेळ पाहिला, अम्मीला बसायला सांगितलं आणि विचारलं, "लागल्यावर लगेच पाणी घातलं होतं?"

"घातलं," अम्मी म्हणाली.

"किती वेळ?"

अम्मीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात खूप वेळ धुवावं लागतं, थांबायचंच नसतं. त्यांनी ते कुणाला दोष द्यायला म्हटलं नव्हतं. पण अम्मीने ते वाक्य उचललं आणि मरेपर्यंत खाली ठेवलं नाही. "मी हात सोडायला नको होता," ती म्हातारपणी मध्येच म्हणायची, भाजी निवडताना, नमाजाला बसण्याआधी. अब्बांनी हात सोडवला होता. खडे अब्बांनी टाकले होते. पण सल तिला लागला आणि त्यांना लागला नाही. या गोष्टीवर मी अजूनही विचार करते, आणि अजूनही तितकाच राग येतो.

आम्ही वॉर्डात होतो तेव्हा अब्बा आले. अंगावर इस्त्रीचा सदरा, हातात मिठाईचा डबा. ते चालत चालत आमच्या कॉटपर्यंत आले आणि बसायच्याही आधी म्हणाले, "साहेब म्हणाले, असं फिनिशिंग बाहेरदेशी पण नाही." वॉर्डातल्या शेजारच्या बायका बघायला लागल्या. त्यांना वाटलं असेल, काय आनंदाची बातमी आली. अब्बा अजून बोलत होते. साहेबांनी त्यांना घरात कसं बसवलं, काचेच्या कपात चहा कसा दिला, प्रत्येक मासा हातात घेऊन कसा पाहिला. मग त्यांची नजर आपाच्या पट्टीकडे गेली आणि ते म्हणाले, "कशी आहे आता?"

ही दोन वाक्यं कुठल्या क्रमाने आली, ते मी विसरू शकले नाही.

आपा म्हणाली, "छान झालं अब्बा." आणि तिने कूस बदलली. अम्मीने मिठाईचा डबा उचलून वॉर्ड झाडणाऱ्या मावशींना देऊन टाकला, न उघडता.

डावा डोळा राहिला, नजर गेली. बुबुळावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा आला, तो आजही आहे. गावितबाई स्वतः रजा घेऊन आपाला मुलाखतीला घेऊन गेल्या. तिथल्या लोकांनी अदबीने वागवलं, मार्क बघून कौतुक केलं आणि वैद्यकीय तपासणीत ती बसत नाही असं सांगितलं. परतताना गाडीत गावितबाई रडल्या, आपा नाही. घरी येऊन तिने बारावीची पुस्तकं बांधली आणि पोशेऱ्याच्या एका मुलीला देऊन टाकली. ती मुलगी पुढे नर्स झाली असं ऐकलं. खरं की खोटं माहीत नाही, आपाने कधी चौकशी केली नाही.

नाशिकहून आल्यावर अब्बांनी खरादीवर लाकूड चढवलं, दोरीचा वेढा दिला आणि नेहमीप्रमाणे हाक मारली. अम्मी आली नाही. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा हाक मारली. अम्मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी आता दोरी ओढणार नाही."

"का?"

"नाही ओढणार."

भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. अब्बांनी काही दिवस वाट बघितली, मग मला बसवायचा प्रयत्न केला. अम्मी येऊन मला उठवून घेऊन गेली. त्यांनी बाजारातला एक माणूस ठेवून पाहिला, पण त्याच्या हाताला लय नव्हती, लाकूड थरथरायचं, मासे वाकडे निघायचे. तेव्हा गावाला कळलं असावं की त्या लोण्यासारख्या हातामागे काय होतं. कळलं असलं तरी कुणी बोललं नाही. साहेब परदेशातून आले, आणखी मासे मागितले, आलेले पाहून नाराज झाले आणि हळूहळू यायचे बंद झाले. मग बाजारात प्लास्टिकचे मासे आले. अब्बा लोकांना सांगायचे की प्लास्टिकने त्यांचा धंदा मारला.

आपाची स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हाची एक गोष्ट. भिवंडीकडची माणसं आली होती. मुलगा यंत्रमागावर मुकादम, घर बरं. त्याच्या मामाने जरा अडखळत डोळ्याबद्दल विचारलं. अब्बा तयारच होते. "लहानपणी देवी आल्या होत्या पोरीला," ते म्हणाले. "अल्लाची मर्जी. जीव वाचला हेच खूप." मी आतून ऐकत होते. आपा चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली होती. ती पाहुण्यांसमोर गेली, ट्रे खाली ठेवला, ओढणी सारखी केली आणि त्या मामांकडे बघून शांतपणे म्हणाली, "देवी नव्हत्या. कॉस्टिक होतं. उकळत्या पाण्यात अब्बांनी टाकलं, ते उडालं."

कुणी चहा घेतला नाही. पाहुणे गेल्यावर अब्बा ओटीवर बसून म्हणाले, "सगळ्यांसमोर बापाची अब्रू घालवलीस. तुला काय मिळालं?"

"काही नाही," आपा म्हणाली. "मला काही मिळायचं नव्हतंच."

त्या दोघांत माशांविषयी झालेलं हे शेवटचं बोलणं. पुढे ती मोखाड्याला दिली, किराणा दुकान असलेल्या एका बायको वारलेल्या माणसाला. तो माणूस भला होता. त्याने डोळ्याबद्दल विचारलंच नाही, कारण मोखाड्यापर्यंत सगळ्यांना सगळं माहीत होतं. त्याच्या मागे दुकान आता तीच चालवते. अम्मी गेली, मग अब्बा गेले. अब्बांच्या मय्यतीला जव्हारमधली बरीच माणसं आली होती आणि बरेच जण म्हणाले, असा कारागीर पुन्हा होणार नाही. मी ऐकून घेतलं. आपा आतल्या खोलीत बायकांना पाणी देत होती.

गेल्या थंडीत मी मोखाड्याला तिच्याकडे राहायला गेले होते. दुपारी दुकानात आम्ही दोघी होतो. तांदूळ पाखडत होतो, तेव्हा एक तरुण मोटारसायकलवरून आला. शहरातला, नीट बोलणारा. त्याने पिशवीतून कापडात गुंडाळलेला एक लाकडी मासा काढून काउंटरवर ठेवला. म्हणाला, त्याला जुने गळाचे मासे जमवायचा छंद आहे. हा त्याला मुंबईत एका साहेबांच्या सामानात मिळाला. जव्हारकडच्या कुणा उस्तादाने केलेला आहे असं कळलं, पण नाव कुणालाच सांगता येत नाही. त्याला त्या माणसावर काही लिहायचं आहे. जव्हारमध्ये कुणीतरी सांगितलं, मोखाड्याच्या दुकानात त्याची मुलगी असते.

आपाने मासा उचलला. उजव्या डोळ्याजवळ नेऊन उलटासुलटा पाहिला. मीही पाहिला. रंग जागच्या जागी होता, एक कपचाही उडालेला नव्हता. तो त्याच पावसाळ्यातला होता, यात मला शंका नाही.

"काम चांगलं आहे," आपा म्हणाली आणि मासा त्याच्या हातात परत दिला. "पण तुम्हाला चुकीचं सांगितलं कुणीतरी. आमच्याकडे लाटणी व्हायची."

त्याने आणखी एकदोनदा विचारलं, आभार मानले, पाण्याची बाटली घेतली आणि गेला. मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मी थांबले.

"आपा, नाव तरी सांगायचंस."

ती पुन्हा सुपाकडे वळली होती. "कशाला?" ती म्हणाली. "तेवढंच हवं होतं अब्बांना."

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी ते पहिल्यापासून वाचून पाहिलं. अब्बांचं नाव यात कुठेच आलेलं नाही. मी ते घालणार नाही.